दोन ऑफव्हाइट आणि एक हॉल : पिवळसर घ्यावा की राखाडी?

घरघर
नमस्कार मंडळी. पुण्यात टू बीएचके आहे, रीसेलचा. दिवाळीच्या आत आतून रंगवून घ्यायचाय. सगळ्या घराला एकच ऑफव्हाइट, इथपर्यंत एकमत झालं आणि ते होईपर्यंत गणपती येऊन गेले. आता शेडकार्डावरचे दोन चौकोन उरलेत. एकात पिवळ्याची झाक आहे, त्याला 'अ' म्हणू. दुसरा किंचित राखाडी, तो 'ब'. दुकानातल्या ट्यूबखाली दोन्ही सारखेच वाटले. घरी खिडकीशी धरले तर 'अ' चक्क क्रीम दिसतो आणि 'ब' सिमेंटकडे जातो.

परिस्थिती अशी : हॉल पश्चिमेला, बाल्कनीसमोरच विटकरी रंगाची दुसरी बिल्डिंग. फरशी बिल्डरने घातलेली आयव्हरी व्हिट्रिफाइड, ती बदलणार नाही. दरवाजे सागवानी व्हिनियरचे, सीलिंग पीओपीचं आणि पांढरंशुभ्र. सध्या भिंती पिस्ता आहेत (आधीच्या मालकांची आवड). सासूबाईंना 'अ' हवाय, नवऱ्याला 'ब'. मला असा निर्णय हवाय ज्यात मी कोणाचीच बाजू घेतल्यासारखं दिसणार नाही.

चहाबाज
'अ' घ्या. घरात शांतता राहील.

दिवटी
+१. नवऱ्याची समजूत काढता येते.

आगाऊ_अभियंता
आधी ते चौकोन बाजूला ठेवा. बोटभर कागदावरून भिंत ठरवू नये, आणि त्या कागदाला भोवती पांढरी कड असते, तिच्याशेजारी कुठलाही ऑफव्हाइट मळका दिसतो. दोन्ही शेडचे छोटे सॅम्पल डबे आणा. नाही मिळाले तर एक-एक लिटर. साधारण दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या, प्रायमर मारून दोन-दोन हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. ओला इमल्शन आणि सुकलेला इमल्शन वेगळे दिसतात, त्यामुळे संध्याकाळी लावून रात्री मत देऊ नका.

मग ते तुकडे घरभर फिरवा. खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर, पॅसेजच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मुख्य म्हणजे फरशीला टेकवून उभे करा आणि दरवाजाच्या चौकटीला लावून बघा. भिंतीवर थेट पट्टा मारायचा मोह टाळा. भोवती पिस्ता असल्यावर डोळा फसतोच, हिरव्याच्या मधोमध 'ब' गुलाबीसुद्धा वाटेल. शेजारशेजारचे रंग एकमेकांना बदलतात यावर शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. तो गोबेलँच्या गालिचा-कारखान्यात रंगाई खात्याचा प्रमुख होता. विणकरांची तक्रार होती की काळा धागा काळा दिसत नाही. धाग्यात दोष नव्हताच, त्याच्या शेजारी कुठला रंग आहे त्यावर सगळं होतं.

सदाशिवपेठी
शेव्रल वगैरे ठीक आहे, पण एक सांगतो. रंग लागल्यावर पंधरवड्यात भिंतीला सोफा, टीव्ही, कॅलेंडर आणि लग्नातला फोटो लागणार. त्यानंतर 'अ' होता की 'ब' होता, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. शेडवर घालवताय तो वेळ लांबीवर, म्हणजे पुट्टीवर, घालवा. पिस्ता नीट घासून, भेगा भरून, लांबीचे दोन हात आणि प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्यात भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा दिसतो. शेड चुकली तर पाहुण्याला कळत नाही, लांबी चुकली तर रोज संध्याकाळी कळते.

पाटणकरीण
सदाशिवपेठी, लांबीचं शंभर टक्के मान्य. पण शेड कळत नाही हे अजिबात मान्य नाही. आमच्याकडे पिवळसर ऑफव्हाइट आहे आणि नवीन मॉड्युलर स्विचबोर्ड पांढरेशुभ्र बसवले. त्या बोर्डांभोवती भिंत इतकी जुनाट दिसते की येणारा प्रत्येक जण विचारतो, "रंग कधी काढणार?" आत्ताच काढलाय हो!

घरघर, तुमचे स्विचबोर्ड आणि खिडक्यांचं अॅल्युमिनियम कुठल्या रंगाचं आहे ते आधी बघा. ते पांढरं असेल तर 'अ'ला त्रास होईल.

जर्सीचा_जोशी
इकडे न्यू जर्सीतही हेच महाभारत. आमच्याकडे शर्विन-विल्यम्सचा अॅलाबास्टर (एसडब्ल्यू ७००८) आणि बेंजामिन मूरचा व्हाइट डव्ह (ओसी-१७) अशी लढत होती. इथे अर्ध्या घरांत यांतलाच एखादा सापडतो. गंमत म्हणजे २०१६ साली शर्विन-विल्यम्सने 'कलर ऑफ द इयर' म्हणून अॅलाबास्टर निवडला आणि बेंजामिन मूरने सिम्पली व्हाइट. दोन कंपन्या, हजारो शेड, आणि दोघींनी वर्षाचा रंग काय निवडला तर पांढरा.

इकडे प्रत्येक शेडचा एलआरव्ही छापलेला असतो, म्हणजे भिंत किती प्रकाश परत फेकते त्याचा शून्य ते शंभरमधला आकडा. अॅलाबास्टरचा ८२. व्हाइट डव्ह त्याच्या जरा वर. आकड्यावरून काहीच ठरलं नाही, कारण इतक्या जवळच्या आकड्यांतला फरक भिंतीवर जाणवत नाही. जाणवते ती झाक. उत्तरेच्या खोलीत व्हाइट डव्ह थोडा राखाडी पडला आणि अॅलाबास्टर सौम्य राहिला. दक्षिणेच्या खोलीत अॅलाबास्टर पिवळा वाटला. शेवटी दिवाणखान्यात अॅलाबास्टर आणि बाकी घरात व्हाइट डव्ह लावला. बायको म्हणते दोन्ही एकच आहेत.

चहाबाज
वहिनींना सादर प्रणाम.

आजोबा_ऑनलाइन
मंडळी, सासूबाईंचं वय काय? विचारण्याचं कारण आहे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पहिला डोळा झाल्यावर घरी आलो, तर जी भिंत मी बदामी समजत होतो ती एका डोळ्याने पांढरी दिसत होती आणि दुसऱ्याने बदामी. एक डोळा झाकायचा, मग दुसरा, असा खेळ नातवंडांबरोबर चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं की वयाबरोबर डोळ्यातलं भिंगच पिवळं होत जातं आणि निळा प्रकाश आत कमी जातो. चित्रकार मोनेचंही ऑपरेशन १९२३ मध्ये झालं होतं, त्यालाही नंतर रंगांचा असाच घोळ झाला म्हणतात.

तेव्हा सासूबाई आणि मुलगा एकच कागद बघत असले तरी दोघांना वेगळं दिसत असणं शक्य आहे. भांडण मिटवायला हे कारण वापरू नका मात्र. मी वापरून पाहिलंय.

रेषाअक्षर
आजोबा __/\__

लाल_माती
समोरच्या विटकरी बिल्डिंगकडे कुणाचं लक्षच गेलेलं नाही. आमचं घर सिंधुदुर्गात, चिऱ्याचं, समोर तांबड्या मातीचं खळं. पडवीच्या भिंतीला राखाडी झाकेचा ऑफव्हाइट दिला होता. दुपारी उन्हात खळं तापलं की भिंत गुलाबी. पावसाळ्यात तिथे गवत वाढलं की तीच भिंत हिरवट. मातीवरचं ऊन उलटून आत येतं, त्याला कोण काय करणार. तुमच्याकडे सकाळचं ऊन त्या विटकरी भिंतीवर पडत असणार, म्हणजे सकाळी हॉलमध्ये केशरी उजेड आणि संध्याकाळी थेट पश्चिमेचं ऊन, तेही केशरी. त्यावर 'अ' लावलात तर हॉल पीच होईल. माझं मत 'ब'ला.

आगाऊ_अभियंता
लाल_माती, बरोबर मुद्दा. पण फरशी उलट बोलतेय. आयव्हरी टाइल चकचकीत असते आणि पिवळा उजेड भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर टाकते. शेजारी राखाडी भिंत असली की फरशी आहे त्याहून पिवळी दिसते, जुन्या डागासारखी. म्हणजे उजेड म्हणतोय 'ब', फरशी म्हणतेय 'अ'. भांडण सासूबाई आणि नवऱ्याचं नाहीच मुळी.

आणखी एक. दुकानात मशीनवर शेड काढतात तेव्हा पडद्यावर फॉर्म्युला दिसतो, तो विचारून घ्या. पांढऱ्या बेसमध्ये कुठकुठले टिंट (रंगाचे थेंब) पडतात ते बघा. राखाडी ऑफव्हाइटमध्ये नुसता काळा आणि पिवळा असेल तर तो सावलीत ऑलिव्हसारखा हिरवट पडू शकतो, काळा आणि पिवळा मिसळल्यावर दुसरं काय होणार. त्यात तांबड्या ऑक्साइडचा थेंब असेल तर हा हिरवटपणा मरतो.

मोडकं_घड्याळ
माझा एकच प्रश्न : तुम्ही हॉलमध्ये कधी बसता?

घरघर
@मोडकं_घड्याळ, आम्ही दोघं नोकरीला, मुलगी शाळेत. हॉलमध्ये सगळे मिळून असतो ते रात्री साडेसातनंतर. सासूबाई दिवसभर घरी, पण दुपारी पडदे ओढलेले असतात, उन्हामुळे. स्विचबोर्ड क्रीम आहेत, खिडक्या ब्राऊन. प्रायमरसाठी पुठ्ठे कापायला घेतलेत, नवरा 'हे काय प्रयोग' म्हणून बघतोय पण कटर त्याच्याच हातात आहे. :)

मोडकं_घड्याळ
मग विटकरी बिल्डिंग आणि पश्चिमेचं ऊन दोन्ही सोडून द्या. तुमच्या भिंतीचा रंग तुमचे दिवे ठरवणार. वर कोणते आहेत?

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ३००० म्हणजे पिवळा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, आपल्याकडे सरसकट 'व्हाइट' म्हणून विकतात तो. मधला ४००० असतो, तो दुकानदाराला मागून घ्यावा लागतो. ६५००च्या पॅनेलखाली 'ब' म्हणजे दवाखान्याची वेटिंग रूम. ३०००खाली 'अ' म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद. खोक्यावर सीआरआयही लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ८०च्या ऐवजी ९०चा मिळाला तर घ्या, चेहरेसुद्धा बरे दिसतात.

रंग लावून झाल्यावर दिवे बदलणारे खूप पाहिलेत. आधी दिवे ठरवा, मग त्यांच्याखाली पुठ्ठे बघा.

सदाशिवपेठी
दोन भिंती रंगवायला आता बल्बचंही संशोधन. आमच्या वाड्यात दिवाळीला चुना यायचा. हौदात कळीचा चुना विरवायचा, तो रटरटायचा, आम्हाला लांब उभं करायचे. मग गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. कुंच्याने उभा एक हात, आडवा एक हात. ओला असताना फिका, वाळला की पांढराफेक. अख्ख्या वाड्यात एकच शेड, तक्रार करायला शेडकार्डच नव्हतं.

दिवटी
आणि पाठ टेकली की शर्टही पांढराफेक.

पाटणकरीण
नीळ का घालायचे ते आत्ता लक्षात आलं. चुन्याचा पिवळेपणा दिसू नये म्हणून, धोतराला घालतात तशीच. म्हणजे पांढऱ्यात झाक मिसळायची कला जुनीच आहे. सदाशिवपेठी, तुमचे आजोबा 'ब' पार्टीचे निघाले!

सदाशिवपेठी
आजोबांना पार्टीत ओढू नका. पण मुद्दा मान्य.

रंगाचा_बादशहा
मी स्वतः रंगकामाची कंत्राटं घेतो, म्हणून चार गोष्टी.

ऑफव्हाइटमध्ये टिंट इतका कमी पडतो की मशीनने थोडा कमी-जास्त सोडला तरी डब्याडब्यात फरक येतो. चार-चार लिटरचे डबे वेगवेगळ्या दिवशी आणू नका. सगळा माल एकदम, एकाच बॅचचा, आणि कामाआधी सगळे डबे मोठ्या ड्रममध्ये ओतून ढवळून घ्यायचे. एका भिंतीच्या मधोमध डबा संपला आणि नवीन उघडला तर जोड दिसतो. गडद रंगात तो खपून जातो, ऑफव्हाइटमध्ये नाही.

पिस्त्यावर थेट फिका रंग मारायला सांगणाऱ्या रंगाऱ्याला नमस्कार करा. प्रायमर हवाच, नाहीतर दोन हातांतही हिरवी छटा खालून डोकावते.

एकच शेड मॅटमध्ये आणि शीनमध्ये (चकाकीवाल्या फिनिशमध्ये) वेगळी दिसते. शीन पुसता येतो, पण त्यात भिंतीचे दोष दिसतात. पश्चिमेच्या हॉलला मॅट किंवा हलका सॅटिन, किचनला पुसता येणारा. फोडणीचा धूर ऑफव्हाइटला सोडत नाही, तिथे 'अ'च्या पिवळेपणावर भांडण करू नका, दोन वर्षांत 'ब'ही तसाच होतो.

सीलिंग पांढरंशुभ्र ठेवायचं असेल तर भिंतीचा ऑफव्हाइट जास्त पिवळा वाटतो. बरेच लोक त्याच शेडचा फिका सीलिंगला देतात.

घरघर
@रंगाचा_बादशहा, फिका म्हणजे? त्याच शेडमध्ये पांढरा मिसळायचा?

रंगाचा_बादशहा
हाताने मिसळू नका. मशीनवर तोच फॉर्म्युला अर्ध्या टिंटने काढून मागा. बहुतेक दुकानं देतात.

आगाऊ_अभियंता
अर्ध्या टिंटला माझा विरोध आहे. शेडकार्डावर त्याचा कोड नसतो. तीन वर्षांनी मुलीने भिंतीवर सूर्य काढला की टचअपला काय मागणार? "तो आमचा अर्धा 'अ' द्या"?

रंगाचा_बादशहा
फॉर्म्युल्याचं स्टिकर डब्याच्या झाकणावर असतं, त्याचा फोटो काढून ठेवायचा. तसंही तीन वर्षांनी कोड सारखा असला तरी टचअपचा ठिगळ दिसतोच, भिंतीवरचा रंग तोवर बदललेला असतो. पूर्ण भिंतच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारावी लागते.

रेषाअक्षर
लहान मूल घरात आहे म्हणून अवांतर : घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाखांत ९० भाग) जास्त नसावं असा केंद्र सरकारचा नियम २०१६ चा आहे, अंमल २०१७च्या नोव्हेंबरपासून. डब्यावर तसं लिहिलेलं असतं. खरी काळजी जुन्या थरांची, विशेषतः दारं-खिडक्यांवरच्या ऑइल पेंटची. ते कोरडं घासू नका, पाणी मारून घासा आणि मुलीला त्या दिवशी बाहेर ठेवा.

चहाबाज
मुलीचं मत घेतलं का कुणी? अ की ब?

घरघर
मुलीला जांभळा हवाय.

बरं, निकाल. पुठ्ठे सुकवून शनिवार-रविवार घरभर फिरवले. सकाळी लाल_माती यांचं म्हणणं खरं निघालं, समोरची बिल्डिंग उजळली की 'अ' पीचकडे जातो, पण अर्धा-पाऊण तास. फरशीला टेकवल्यावर मात्र 'ब'ने निराशा केली. टाइल एकदम पिवळट, आणि पुठ्ठ्याची खालची कड हिरवट. दुकानात फॉर्म्युला विचारला तर त्यात काळा आणि पिवळाच होता. आगाऊ_अभियंता, तुम्हाला एक चहा लागू.

रात्री आमच्या पॅनेलखाली (६५००, अर्थातच) 'अ' बरा आणि 'ब' अगदी मोडकं_घड्याळ म्हणतात तसा दवाखाना. मग शेजाऱ्यांकडून ४०००चा बल्ब मागून आणून लावला. त्यात 'अ' बघून नवरा म्हणाला, "हा तर 'ब'च आहे ना?" मी काहीही बोलले नाही.

तर भिंतींना 'अ', पूर्ण टिंटने, कोडसकट. सीलिंगला 'अ' अर्ध्या टिंटने, सीलिंगवर कोणी सूर्य काढणार नाही असं धरून. हॉलचे दिवे ४०००.

सदाशिवपेठी
आणि लांबी?

घरघर
दोन हात! मान्य करून घेतलंय, कोटेशनमध्ये लिहून घेतलंय.

जर्सीचा_जोशी
अभिनंदन. थोडक्यात, तुमच्याकडेही बहुतेक बायकोचंच खरं ठरलं.

घरघर
सासूबाईंचं ठरलं. त्या सगळ्यांना सांगतायत की मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

आता माल किती लागेल? कार्पेट ७०० स्क्वेअर फूट आहे. रंगारी म्हणतोय तीस लिटर.

रंगाचा_बादशहा
भिंती आणि सीलिंग मिळून कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट धरतात, म्हणजे २१०० ते २४५० स्क्वेअर फूट. चांगल्या इमल्शनचा लिटर दोन हातांत साधारण १२० ते १४० स्क्वेअर फूट जातो. अठरा-वीस लिटरमध्ये व्हायला हवं. किचन-बाथरूमच्या टाइल्स, कपाटं वजा केली तर आणखी कमी. तीस कशाला ते विचारा. आणि फक्त त्याचा शब्द नको, भिंती मोजून घ्या.

लाल_माती
एक राहिलं. पश्चिमेची भिंत म्हणजे पावसाचा मारा तिकडूनच. ओल आहे का?

घरघर
बाल्कनीच्या दाराशेजारी थोडे पोपडे आहेत. रंगारी म्हणतोय लांबी भरली की बसेल.

आगाऊ_अभियंता
नाही बसणार.

रंगाचा_बादशहा
नाही बसणार. बाहेरून भेग शोधा, सोसायटीला पत्र द्या, भिंत कोरडी होईपर्यंत तेवढा भाग सोडून बाकी घर रंगवा. ड्रममधला दोन-तीन लिटर 'अ' घट्ट झाकणाच्या डब्यात त्या भिंतीसाठी बाजूला ठेवा.

चहाबाज
ओलीवर स्वतंत्र धागा काढा. तिथे सदाशिवपेठींना वाड्याची आठवण येणारच आहे.